स्कर्टची कंबर

त्या गल्लीत तिला सगळे ‘अर्धा इंच’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. बायकांचे कपडे आणि शाळेच्या मुलींचे गणवेश शिवणारी ही बाई गळ्यात टेप घालून फिरायची खरी, पण ती टेप गिऱ्हाइकाच्या समाधानापुरती. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून आत येईपर्यंत हिच्या नजरेने त्याचं माप घेऊन झालेलं असायचं, आणि चुकलंच तर अर्ध्या इंचाच्या आत चुकायचं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. काचेचं दार, काचेमागे दोन मशिनं, एक साधं आणि एक ओव्हरलॉकचं, कापड कापायचं लांब टेबल, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा. तिथे माणसाएवढा आरसा. मधलं दार ढकललं की थेट स्वयंपाकघर. त्या दाराला कडी कधी बसलीच नव्हती, त्यामुळे घरातलं भांडण गिऱ्हाइकाला आणि गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं घराला आपोआप ऐकू जाई.

धंद्यात तिचा एक नियम होता. माप कधी मोठ्याने बोलायचं नाही. टेप लावायची, आकडा वहीत लिहायचा, वही पालथी टाकायची. “किती आली हो कंबर?” असं कुणी विचारलंच तर “बरोबर आली” एवढंच उत्तर. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. पंधरा वर्षांची असताना ती एका शिंप्याकडे माप द्यायला उभी होती, आणि त्या मास्तरने तिच्या कमरेचा आकडा पलीकडच्या कारागिराला ओरडून सांगितला. बाकावर बसलेल्या दोन पोरी फिदीफिदी हसल्या. त्या पोरींचे चेहरे ती कधीच विसरली, पण तो आकडा अजून तिच्या लक्षात होता. पुढे स्वतः शिवण शिकायला बसली तेव्हाच तिने ठरवलं, आपल्या दुकानात हे व्हायचं नाही.

दुसरी खोड याच नियमाच्या पोटी जन्मलेली. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. बाकीचे ती बोटभर ठेवतात, ही चांगली दोन-दोन बोटं ठेवायची. मग वर्ष-दोन वर्षांनी तोच ड्रेस हूक बदलायला परत आला, की गिऱ्हाइकाकडे एक नजर टाकायची आणि हुकाबरोबर दोन्ही बाजूंच्या शिवणीही गुपचूप सैल करून द्यायची. बँकेत काम करणारी एक बाई तर दरवर्षी फुशारकी मारायची, “दहा वर्षांचा ड्रेस आहे, अजून जसाच्या तसा बसतो मला!” त्यावर “तुमचा बांधाच तसा हो,” असं ही चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायची. कुणी याला लबाडी म्हणेल. तिच्या लेखी ती माणुसकी होती, आणि बायका तीन-तीन गल्ल्या ओलांडून तिच्याकडे येत त्या याच माणुसकीपायी. फक्त आपण का येतो हे त्यांना माहीत नव्हतं.

या बाईला एकच लेक होती, पंधरा वर्षांची. सगळा घोटाळा झाला तो तिच्या स्कर्टात.

लेक लहानपणी चांगली गुबगुबीत होती. बाप शहरात बस चालवायचा, आणि ड्यूटीवरून आला की दारातूनच हाक मारायचा, “ढब्बू कुठाय माझी?” आठवीपर्यंत ढब्बू धावत यायची. नववीत एकदा म्हणाली, “बाबा, मला त्या नावाने हाक मारू नका.” तो हसला, आणि सवयीने दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली. तिने पुस्तकातून मान वर केली नाही. त्यानंतर काय काय बदललं ते आता एकेक करून सांगता येतं, पण तेव्हा घरात कुणाला दिसलं नाही, किंवा दिसलं ते वयावर ढकलून दिलं. घरात ती बापाचे जुने ढगळ टी-शर्ट घालायला लागली. ताट घेऊन आपल्या खोलीत जायला लागली. वजनकाट्यावर दिवसातून चार-चारदा चढायला लागली, तेव्हा आईने वैतागून काटा उचलला आणि कपाटावर, तिचा हात पोचणार नाही असा, टाकून दिला. त्या दिवसापासून घरात तिला तिचं माप सांगणारी एकच वस्तू उरली, ती म्हणजे आईनेच शिवलेला शाळेचा स्कर्ट. आईला हे कळायला अजून चार महिने होते.

एका सोमवारी सकाळी लेक दप्तर उचलून निघाली, तर स्कर्टची बाजूची चेन फिरून पोटावर आलेली. शिंपिणीच्या डोळ्याला आधी काय दिसणार? कंबर सैल झालीय. उंची वाढतेय, बाळसं उतरतंय, असं तिने मनाशी म्हटलं, आणि खोटं कशाला बोला, तिला जरा बरंच वाटलं. रविवारी सकाळी लेक वाचनालयात गेल्यावर तिने दोन्ही स्कर्ट टेबलावर घेतले, दोन्ही बाजू कंबरपट्टीसकट आत घेतल्या आणि इस्त्रीने असं दाबून बसवलं की पाहणाऱ्याला पत्ता लागू नये. कापड मात्र कापलं नाही, सगळं आत दुमडून ठेवलं. लेकीला सांगितलं नाही. वयात आलेल्या पोरीशी तिच्या कमरेविषयी काय बोलायचं? जे कधी गिऱ्हाइकाशी बोलली नाही, ते लेकीशी कुठून बोलणार होती?

महिन्याभराने चेन पुन्हा पोटावर. पुन्हा रविवार, पुन्हा वाचनालय, पुन्हा मशीन.

तिसऱ्या वेळी मात्र तिचा हात थांबला. आतलं दुमडलेलं कापड तिने बोटांनी मोजलं. दोन्ही बाजूंचं मिळून चार बोटं भरलं. चार महिन्यांत चार बोटं!  पण सोमवार तोंडावर होता, पोरगी घसरत्या स्कर्टात शाळेत कशी जाईल, म्हणून तिने पाय मशीनवर ठेवला आणि शिवण पुरी केली. हातातलं काम अर्धं टाकायची तिला सवय नव्हती, आणि त्या दिवशी त्या सवयीनेच घात केला.

त्यानंतर मात्र ती हात धुऊन जेवणाच्या मागे लागली. ताट खोलीत न्यायचं नाही, इथे समोर बसायचं, असा हुकूम सुटला. लेक समोर बसायला लागली आणि भाताचं एकेक शीत चमच्याने इकडून तिकडे हलवायला लागली.

“खा.”

“भूक नाही.”

“सकाळीही नव्हती.”

“शाळेत खाल्लं मी. डबा रिकामा आणला ना?”

“डबा रिकामा येतो, पण तुझ्या पोटात जातो कुठे? आरशात बघ जरा स्वतःला!”

“बघते,” लेक म्हणाली. “रोज बघते.”

“मग दिसत नाही का? दिवसभर मशीन बडवून वर हे रांधायचं, आणि तू...”

“मग नको ना रांधूस!” लेकीने ताट असं सरकवलं की त्यातलं उकडलेलं अंडं टेबलाखाली गेलं. खोलीचं दार आपटलं. मधल्या दारापलीकडे, दुकानात, ड्रेस न्यायला आलेली बँकेतली बाई खोटंखोटं खोकली.

त्या संध्याकाळी नवरा आल्यावर तिने विषय काढला. तो बूट सोडत म्हणाला, “अगं, वयच असतं असं. येईल ताळ्यावर. मी त्या वयात काय कमी नखरे केले?”

“अहो, तुम्ही बघा तरी तिच्याकडे.”

“बघतो की.”

“बसच्या आरशात मागचे लोक बघता तसं नको. समोर बसवून बघा.”

त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच समोर बसवून पाहिलं. लेक दुधाचा पेला हातात धरून बसली होती, पीत नव्हती. तिच्या मनगटावरचं घड्याळ सरकून कोपराकडे गेलं होतं. त्या दिवशी ड्यूटीला जाताना तो डबा घ्यायला विसरला.

पुढच्या गुरुवारी दुपारी शाळेतून फोन आला. खेळाच्या बाई बोलत होत्या. “तुमची मुलगी जिन्यात चक्कर येऊन पडली. डोक्याला लागलं नाही, शुद्धीवर आहे. पण तुम्ही लगेच या.” दुकानात एक गिऱ्हाईक एका बाहीला टाचण्या लावलेल्या अवस्थेत उभं होतं. त्याला तसंच सोडून ती निघाली. शाळेत पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की गळ्यात टेप तशीच आहे आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. खेळाच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की पोरगी डबा रोज वर्गात वाटून टाकते आणि मैदानात सगळ्यांपेक्षा दोन फेऱ्या जास्त धावते.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तिच्याच वयाच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी लेकीला काट्यावर उभं केलं, नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, घड्याळ लावून तिसऱ्यांदा पाहिली. मग खुर्ची ओढून लेकीच्या समोर बसल्या.

“बाळ, तुझं हृदय फार हळू चालतंय. त्याला खायला मिळत नाहीये. तुला काय वाटतं, तू कशी आहेस अंगाने?”

“जाड,” लेक म्हणाली. जसं कुणी आपला पत्ता सांगावा, तसं.

“आता काट्यावर पाहिलंस ना?”

“काटे वेगवेगळं सांगतात. शाळेतला वेगळं सांगतो, इथला वेगळं.”

“मग तू कशावरून ठरवतेस?”

लेकीने क्षणभर आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “स्कर्टवरून. स्कर्ट खोटं नाही बोलत. चार महिने झाले, मी एवढं करते, आणि स्कर्ट तस्साच बसतो. मध्ये थोडा सैल होतो, मला वाटतं जमतंय, आणि एखाद्या सोमवारी घातला की परत घट्ट. काहीच न खाता घट्ट. म्हणजे बघा ना, माझं शरीरच तसं आहे. मला बाकीच्यांपेक्षा जास्त करायला लागणार.”

आई शेजारच्या खुर्चीवर बसली होती.  एखाद्या सोमवारी. तिने मनातल्या मनात तीन रविवार मोजले. पोरीने उपाशी राहून जे कमी करावं, ते हिने मशीनवर बसून पुसून टाकावं, आणि पोरीने पुन्हा दुप्पट उपाशी राहावं. हे घरात तीनदा झालं होतं, तिच्या हाताने, इस्त्री करून. तिने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आईला रडू येतंय म्हणून बोलता येत नाही.

लेकीला बाहेर बसवून डॉक्टरबाई म्हणाल्या, “पुढच्या शुक्रवारी परत आणा. तोवर आणखी उतरली तर मी तिला घरी ठेवू देणार नाही. धोका आहे, स्पष्ट सांगते. आणि एक ऐका. ओरडू नका, कोंबू नका. शिवाय तिच्याशी घरात एकही गोष्ट लपवाछपवीची नको. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरलेला नाही. निदान तुमच्यावर तरी राहायला हवा.”

“हो,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला. डॉक्टरांनी सांगितलेला आहार ती थोडा थोडा समोर ठेवायची, लेक दोन घास घ्यायची आणि असं बघायची की जणू आईने तिच्याकडून काहीतरी चोरलंय. बापाने रजा काढली होती. तो ओट्यापाशी उभा राहून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायचा. शनिवारी बायकोला म्हणाला, “मी तिला ढब्बू म्हणायचो म्हणून झालं का गं हे?” तिला सांगावंसं वाटलं, अहो, तुमचा एक शब्द होता, माझे तीन रविवार आहेत. पण ती एवढंच म्हणाली, “तुम्ही ती भांडी ठेवा आता.”

रविवारी सकाळी लेक आपल्या खोलीत झोपून होती. दुकानाचा पडदा ओढलेला. तिने एक स्कर्ट टेबलावर घेतला, उलटा केला आणि धागे तोडायची छोटी कात्री हातात घेतली. रात्रंदिवस डोकं शिणवून शेवटी तिला एक वाट सुचली होती, आणि ती तिच्या जन्माच्या सवयीची होती. शिवण उसवायची. गुपचूप. सगळी नाही, अर्धा इंच. सोमवारी पोरगी घालेल, स्कर्ट सैल बसेल, तिला वाटेल जमलं एकदाचं, आणि जीव थंड करून जेवेल. कुणाला काही सांगायला नको. कुणाला दुखवायला नको.

दोन टाके तोडले. तिसऱ्याला कात्रीचं टोक लावलं, आणि तिला आपल्याच हाताची शिसारी आली. हेच तर केलं होतं ना आपण? तेव्हा आत घेऊन फसवलं, आता बाहेर सोडून फसवायचं. आणि सैल झाल्यावर पोरगी जेवेलच कशावरून? आणखी सैल व्हावा म्हणून बसेल उपाशी. डॉक्टरबाईंचं वाक्य आठवलं. मग सांगायचं? सांगितलं तर पोरगी आयुष्यात आपल्या हातचं काही अंगाला लावणार नाही. पण यापेक्षा मोठी भीती वेगळीच होती, ती मनात आणायलाही ती घाबरत होती. पोरीला कळलं की आपण खरंच एवढ्या बारीक झालो, आणि तिला आनंद झाला, तर?

तिने कात्री खाली ठेवली. मग उठली, लेकीच्या खोलीच्या दारावर टकटक केली. आजवर तिने त्या दारावर कधी टकटक केली नव्हती, सरळ ढकलायची.

“जरा दुकानात येतेस? तुझं काम आहे.”

लेक बापाच्या टी-शर्टात, खांद्यावर शाल घेऊन आली. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. टेबलावर आपला स्कर्ट उलटा पडलेला पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हे काय?”

आईने कात्री तिच्यापुढे सरकवली. “उसव.”

“मला नाही येत.”

“धागा दिसतो तिथे कापायचं फक्त. ही बाजू धर.”

लेकीने काही न कळून कात्री उचलली. एक टाका, दुसरा, दहावा. ओव्हरलॉकचा धागा सुटत गेला आणि आत दुमडलेलं कापड उलगडत गेलं. बाहेरचा निळा रंग उन्हाने आणि धुण्याने फिका पडलेला, आतला गडद, नव्यासारखा. त्या गडद पट्ट्यात सुईच्या बारीक भोकांच्या रांगा दिसत होत्या. एक, तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी.

“या कसल्या रांगा?”

“ही सगळ्यात बाहेरची मूळ शिवण. शाळा सुरू झाली तेव्हाची.” आईने बोट ठेवलं.  “ही मी पहिल्यांदा आत घेतली. ही दुसऱ्यांदा. आणि आत्ता तू उसवलीस ती तिसऱ्यांदा. दर वेळी रविवारी. तू वाचनालयात गेलीस की.”

लेकीने स्कर्टाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. “का?”

“सैल झाला होता. तुला अवघड वाटेल म्हणून सांगितलं नाही. मी कुणालाच सांगत नाही.”

“म्हणजे सोमवारी घट्ट व्हायचा तो...”

“मी करत होते.”

 मग लेक अशी उठली की स्टूल मागे आडवं झालं.

“तू? तू करत होतीस? मला वाटलं मला वेड लागलंय! मी दोन-दोन दिवस पाण्यावर काढले, आई! आणि स्कर्ट घातला की घट्ट! मी बाथरूममध्ये बसून रडायचे, की आता आणखी काय करू! शाळेतला काटा म्हणायचा कमी झालीस, बाई म्हणायच्या किती वाळलीस, आणि मी कुणावर विश्वास ठेवला माहितीय? तुझ्या शिवणीवर! सगळी गल्ली म्हणते, हिची शिवण चुकत नाही!”

मधल्या दारात बाप येऊन उभा राहिला होता. आईने त्याला हाताने थोपवलं.

“चुकले,” ती म्हणाली. “माझं चुकलं. मी आंधळी. टेप गळ्यात घालून आंधळी.” आणि मग मात्र तिचा बांध फुटला, आणि ती टेबलाला धरून रडली, गिऱ्हाइकांच्या जागेत, आवाज न आवरता.

लेक रडत नव्हती. ती स्कर्ट हातात घेऊन त्या तीन रांगांवरून अंगठा फिरवत होती. आणि हळूहळू तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “म्हणजे झाले मी बारीक?” तिने विचारलं. “एवढी?” तिच्या डोळ्यांत चमक आली होती. आईने ती पाहिली आणि तिचं रडं जागच्या जागी गोठलं. ज्याला घाबरली होती तेच समोर उभं राहिलं होतं.

“घालून बघते,” लेक म्हणाली. तिने दुसरी बाजूही स्वतःच उसवली, भराभर, आणि स्कर्ट घेऊन पडद्याआड गेली. दोन्ही बाजू धाव दोऱ्याने मूळच्या रांगेवर टाचून द्यायला आई आत गेली, पाठीमागे गुडघ्यांवर बसली. टाचून झालं. हूक लावला. चेन ओढली. आणि तिने हात काढले.

स्कर्ट कमरेवर थांबला नाही. मांड्यांवरही थांबला नाही. सरळ खाली गेला आणि लेकीच्या पावलांभोवती वेटोळं होऊन पडला.

लेक आरशात पाहत राहिली. टी-शर्ट वर धरलेला, आणि खाली दोन काड्यांसारखे पाय, आपलेच. ते तिने रोज पाहिले होते. पण पायाशी पडलेला स्कर्ट तिने शाळा सुरू झाली त्या दिवशी घातला होता, तो तेव्हा कमरेला बसला होता, आणि हे कुणी सांगितलेलं नव्हतं, तिला स्वतःला आठवत होतं. तिच्या डोळ्यांतली चमक हळूहळू गेली.

“आई,” ती फार लहान आवाजात म्हणाली, “मी कुठे गेले एवढी?”

आईने गळ्यातली टेप काढली, लेकीच्या कमरेभोवती घातली आणि आकडा पाहिला. मग तिने जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तो आकडा मोठ्याने म्हटला. मग वही उघडून शाळा सुरू झाली तेव्हाचा आकडा काढला, आणि तोही मोठ्याने म्हटला. 

“आता भीती वाटते,” लेक म्हणाली.

“मलाही,” आई म्हणाली, आणि तिला उराशी धरलं. धरताना हाताला पाठीचे मणके लागले, तरी तिने मिठी सोडली नाही.

संध्याकाळी तिने स्कर्ट पुन्हा हातात घेतला आणि विचारलं, “उद्या शाळेत जायचं म्हणतेस. आत घेऊ?”

“नको,” लेक म्हणाली. “पिन लाव. मोठी. आणि बाहेरून लाव, मला दिसेल अशी.”

एका दुपारच्या रडण्याने आजार पळून गेला, असं काही झालं नाही. शुक्रवारी डॉक्टरबाईंनी तिला दाखल करून घेतलंच. अकरा दिवस ती तिथे होती. आई रोज सकाळी जायची, बाप ड्यूटी संपली की थेट बस-डेपोतून. कधी लेक दोन घास खायची, कधी ताट भिंतीकडे ढकलायची आणि आईला नाही नाही ते बोलायची, “तुझ्यामुळे झालं हे,” इथपर्यंत. आई ऐकून घ्यायची. खोटं थोडंच होतं ते? घरी आल्यावरही चांगले दिवस आणि वाईट दिवस असा खेळ चालूच राहिला. दर आठवड्याला दवाखाना. स्कर्ट मात्र दुकानात खुंटीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा टांगलेला असायचा, बाहेरून पिन लावलेला. बँकेतल्या बाईने एकदा विचारलं, “हे असं का? तुमच्यासारखीला दोन मिनिटांचं काम.” “मालकिणीची ऑर्डर आहे,” ती म्हणाली. आणि त्याच दिवशी, ड्रेस परत देताना, तिने त्या बाईला सांगून टाकलं, “बाजूंनी अर्धा इंच सोडलाय हं. मागच्या वर्षीही सोडला होता.” बाईचा चेहरा उतरला. पण पुढच्या महिन्यात ती परत आलीच.

अडीच महिन्यांनी एका सकाळी दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. आई तोंडात टाचण्या धरून एकीच्या पायघोळ झग्याची उंची लावत होती. मधलं दार ढकलून लेक बाहेर आली, दप्तर पाठीवर, एक हात कमरेवर.

“आई, पिन ओढतेय.”

आईने तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या. गुडघ्यांवरच वळली. चेन बाजूला, जिथल्या तिथे होती. पिनेपाशी कापड ताणलं होतं.

दुकानातल्या तिघी बघत होत्या. लेकीचे कान लाल झाले, पण ती हलली नाही.

“अर्धा इंच सोड,” ती म्हणाली. मोठ्याने.